विहिरीच्या जेवणाला शाकाहारी पाहुणे आहेत, काय करू?

वेणाकाठची
नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं. उन्हाळ्यात विहीर खणली, ४५ फुटांवर पाणी लागलं, दिवाळीनंतर बांधकाम उरकलं आणि मागच्या आठवड्यात मोटर बसली. आता डिसेंबरात विहिरीचं जेवण द्यायचं आहे. घरचे, भाऊबंद आणि गवंडी धरून बारा जण. शिवाय बँकेचे मॅनेजर, त्यांची बायको आणि आई. मूळचे राजस्थानचे, वर्षभरापूर्वी बदलून आलेत. कर्जाच्या वेळी माणूस स्वतः तीनदा बांधावर आला, चिखलातून. म्हणून यांनी ठरवलं, त्यांना बोलवायचंच.

अडचण अशी, की चहा पिताना ते म्हणाले होते, "हम लोग वेज हैं." आणि सासऱ्यांच्या मते विहिरीचं जेवण म्हणजे बोकड. त्यात चर्चा नाही.

माझ्या मनात आहे ते असं: पाटवडी रस्सा, सांबारवडी, भरली वांगी, भाकरी, वडाभात, शिरा. पनीर हिंगणघाटहून आणावं लागेल, आणि मी एकदा केलं होतं तर आमच्या मोत्यानेही दोनदा विचार करून खाल्लं. प्रश्न दोन. मेनू जमतोय का? आणि मटण त्याच दिवशी, वेगळ्या चुलीवर, चालेल का?

ठेचाबहाद्दर
पनीर कायले बाप्पा? थो मॅनेजर जिकडं जाते तिकडं त्याले पनीरच भेटते. पाटवडी करा, तर्री चांगली येऊ द्या. आन् मटणाच्या दिवशी मले बी सांगजा, अकोल्यावरून लय दूर नाई.

पुण्यातला_पाहुणा
सांबारवडी म्हणजे सांबारात बुडवलेली वडी का? डाळवड्यासारखी?

चून_भाकर
झालं सुरू. भाऊ, सांबार म्हंजे कोथिंबीर. सांबारवडी म्हंजे तिचं सारण भरून तळलेली वडी. नागपुरात पुडाची वडी बी म्हणतात. तुमच्या इडलीवाल्या सांबाराशी तिचं काई नातं नाई.

पुण्यातला_पाहुणा
मग भाजीवाल्याकडे जाऊन "दहा रुपयांचं सांबार द्या" म्हणता?

चून_भाकर
म्हनतो. आन् तो देते बी.

मुंबैकर_वैदर्भी
मेनूवर एक शंका. पाटवडी रस्सा आपल्याला भारी वाटतो कारण तो मटणाच्या रस्स्यासारखा लागतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, धने, वरून लाल तर्री. मसाला तोच, फक्त मटणाच्या जागी बेसनाच्या वड्या. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मी मोठ्या हौसेने वाढला होता. तिने वास घेतला आणि विचारलं, "हे नक्की व्हेज आहे ना?" मी तीनदा सांगितलं. तिने खाल्लं, पण प्रत्येक वडी आधी चमच्याने फोडून बघत होती. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला मटणाची आठवण करून देणारं काही नकोच असतं. आपण "अगदी मटणासारखं लागतं" हे कौतुकाने सांगतो, समोरच्याच्या पोटात गोळा येतो.

ठेचाबहाद्दर
गोळा आला तर गोळाभात करा मंग.

वेणाकाठची
@मुंबैकर हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी तर नेमकं हेच वाक्य बोलणार होते.

गुर्जी_निवृत्त
ताई, एक मूलभूत प्रश्न. "वेज" म्हणजे काय ते विचारलंत का? माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत अनेक प्रकार पाहिले. अंडं खाणारा शाकाहारी. घरी शाकाहारी, ढाब्यावर नाही, असा शाकाहारी. माळकरी, जो मटणाला शिवत नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूण-वांगंही सोडतो. रिद्धपूरकडे आमचे महानुभाव शेजारी होते. मांसाहाराचं तर नावच नको, पण दुसऱ्या देवाचा नैवेद्यही घेत नसत. त्यांना मी हौसेने सत्यनारायणाचा प्रसाद नेऊन दिला होता. त्यांनी वाटी ठेवून घेतली, मला पाणी दिलं, आणि विषय बदलला. पुढे दोन वर्षांनी मला कारण समजलं. राजस्थानचे म्हणताय, जैन असू शकतात. विचारून घ्या.

रानमेवा
विचारायला हरकत नाही, पण मला मुळात हा आटापिटाच कळत नाही. बारा जण एका बाजूला, तीन जण एका बाजूला. बारांनी आपला बेत का बदलायचा? वरून "शुद्ध शाकाहारी" हा शब्द आला की माझं डोकं फिरतं. आम्ही काय अशुद्ध का? आमच्याकडे गडचिरोलीत ज्या घरी महिन्यातून दोनदा कोंबडी शिजते, त्या घरी बाकी दिवस भात, डाळ, अंबाडी आणि रानभाजीच असते. आम्हाला कोणी शाकाहारी म्हणून मान देत नाही.

कारंजेकरीण
रानमेवा, तुमचा राग मला पटतो. तो शब्द मलाही आवडत नाही आणि मी जन्माने जैन आहे. पण ताईंनी तो वापरलेला नाही, पाहुण्यांनीही नाही. ते फक्त "वेज" म्हणाले. बोलावलेला माणूस ताटावर बसून अवघडला तर त्यात बारा काय आणि तीन काय, यजमानाचाच घास अडतो.

ताई, आधी फोन करा. जैन निघाले तर सांगा, मी सविस्तर लिहिते.

वेणाकाठची
फोन केला. जैन आहेत. मॅनेजर म्हणाले, "हम तो प्याज खा लेते हैं, बस माताजी का थोड़ा अलग है, आप तकलीफ मत कीजिए." मग त्यांच्या बायकोने फोन घेतला आणि "थोड़ा अलग" काय ते हळू आवाजात सांगितलं. जमिनीखालचं काही नाही. वांगं नाही. सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही नाही, आणि पाणीही उकळलेलं.

माझा अख्खा मेनू गेला. जेवण रात्री आठला ठेवलं होतं.

ठेचाबहाद्दर
वांगं बी नाई?? मंग विदर्भात राहून काय फायदा.

कारंजेकरीण
घाबरू नका. कारंजा लाडला आमची कितीतरी सैतवाळ घरं मराठीच बोलतात आणि वऱ्हाडीच जेवतात. तिकडे शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, यात्रेला आलेल्या लोकांना वाढून वाढून आमच्या बायकांचे हात बसलेत. तेव्हा हे काही परदेशी पाहुणे नाहीत.

आता नीट वाचा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं, ओलं आलं, ओली हळद, सगळं बाजूला. सुंठ आणि हळदीची पूड चालते, सुकलेली असते म्हणून. फ्लॉवर-कोबी बरेच जण टाळतात. मध नको. आदल्या दिवशीचं काही नको, म्हणून रात्रभर भिजवणं, आंबवणं टाळा. मुरलेलं लोणचं नको, ताजी लिंबाची फोड ठेवा. तिथीही बघा, अष्टमी-चतुर्दशीला काही घरी हिरवी भाजी खात नाहीत.

बाहेरच्या लोकांना न कळणारी एक गोष्ट राहते. डाळीचं पीठ आणि कच्चं दही एकत्र चालत नाही. म्हणून दहीवडे बाद. कढी करायचीच तर ताक आधी एकटं खळखळून उकळतात आणि मग त्यात बेसन सोडतात. तुम्ही एरवी बेसन कच्च्या ताकात घुसळून मग चुलीवर ठेवत असाल. सवय मोडत नसेल तर कढीच्या नादी लागू नका, चिंचेचं सार करा.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. कडक पाळणारे त्याच्या दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी उठतात. तेव्हा पावणेपाचला त्यांचा हात धुऊन व्हायला हवा. चारला ताट लावा.

चून_भाकर
चारले जेवन म्हंजे लग्नातल्या शेवटच्या पंगतीचा टाइम.

गुर्जी_निवृत्त
भांड्यांचं पण बघा. चूल वेगळी मांडाल, पण कढई तीच असेल तर? गावात भागवत सप्ताहाची सामायिक भांडी असतील ना मारुतीच्या मंदिरात? त्यांत कधी मटण शिजलेलं नसतं. पंधरा माणसांना पुरतील एवढे गंज, कढया, परात सगळं मिळतं. धुऊन परत करा, शे-दोनशे पेटीत टाका. अंगणात तीन विटांची नवी चूल. एवढं पाहुण्यांना मुद्दाम सांगायचंही नाही, बोलता बोलता त्यांच्या कानावर जाऊ द्या.

वेणाकाठची
मंदिराची भांडी! गुर्जी, पाया पडते. पण बोकडाचं काय? सासरे दोन दिवस माझ्याशी फक्त मोटरीबद्दल बोलतायत.

मुंबैकर_वैदर्भी
मार्गशीर्षातला गुरुवार धरा. घरात तसंही शिजत नाही. कोणासाठी बेत बदलला असं होणारच नाही.

सोलेभात
वा! म्हणजे गुरुवारचा उपास असलेल्या बायकांनी उपाशी पोटी पंधरा जणांचा स्वयंपाक करायचा, चार वाजता लोकांना वाढायचं, आणि आपण पूजा करून रात्री जेवायचं. सल्ला पुरुषाचा आहे हे नाव न बघता ओळखलं.

मुंबैकर_वैदर्भी
मी बाई आहे. पण मी उपास करत नाही, हे मान्य. मागे घेते.

गुर्जी_निवृत्त
शिवाय गुरुवारी चार वाजता मॅनेजर काउंटरमागे असेल. दुसरा शनिवार घ्या. बँकेला सुट्टी, आणि शनिवार मारुतीचा. तुमचे सासरे शनिवारी खातात का?

वेणाकाठची
नाही खात! चाळीस वर्षांत खाल्लेलं नाही. तिथीही पाहिली, ना अष्टमी ना चतुर्दशी. शनिवारी पाहुणे, रविवारी बोकड. सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मी तं पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

धानपट्टी
उशिरा येतोय. भात कोणता घालणार? गोळाभात असेल तर चिन्नोर नको. वास सुंदर, भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तो मऊ होतो. त्याची खीर करा. गोळ्यांसाठी मोकळा शिजणारा हवा, एचएमटी घ्या.

एचएमटी खाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं, की हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या छोट्या गावात जन्मलं? दादाजी खोब्रागडे, एक छोटा शेतकरी. १९८३ च्या सुमाराला पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि वर्षानुवर्षं निवडत नेल्या. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. २०१८ मध्ये ते गेले. आमच्याकडे आजही लोक "एचएमटी दे" म्हणतात आणि दुकानदार घड्याळ नाही, तांदूळ काढतो.

पुण्यातला_पाहुणा
हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे एचएमटी कोलम म्हणून गुजरातचा समजून विकतात.

सोलेभात
माझ्या नावाला जागून सांगते. डिसेंबर आहे, तुरीला शेंगा भरल्या आहेत. हिरवे सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, तुमच्या बांधावरच आहेत. थोडे भाजून, अर्धे ठेचून, जिरं-हिरवी मिरची-सांबारावर आमटी करा. लसणाशिवाय चव कमी लागेल असं वाटतं, पण ताज्या सोल्यांना लसूण लागतच नाही, आपण सवयीने घालतो. तुरीला आताच फवारणी झाली असेल तर मात्र तिथले तोडू नका.

दुसरं म्हणजे कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, बाकर भाजी. कोहळं वेलावरचं, जमिनीच्या वरचं. भाजलेली खसखस, तीळ, सुकं खोबरं, चारोळी, थोडा गूळ. आमच्याकडच्या लग्नांत हीच भाजी असायची, आता तिथे पनीर बसलंय.

कारंजेकरीण
बाकर भाजी उत्तम. पाटवडीही सोडू नका, फक्त रस्सा बदला. कांद्याच्या जागी तीळ, खसखस, खोबरं भाजून वाटा, आंबटपणाला टोमॅटो, फोडणीत हिंग दुप्पट. रंग भिवापुरी मिरचीचा. तर्री येते, मटणाची आठवण येत नाही. @मुंबैकर यांचाही प्रश्न सुटतो.

रानमेवा
मी मघाशी जरा जोरात बोललो. खरं तर तुमची ही यादी म्हणजे माझ्या आजीचं रोजचं जेवणच आहे, लसूण वगळून.

वेणाकाठची
(शनिवारी रात्री) झालं एकदाचं! सविस्तर लिहिते, पाय दुखतायत पण झोप येत नाहीये.

चारला पाच मिनिटं असताना गाडी आली. माताजी साधारण पंचाहत्तरीच्या, बारीक, पांढऱ्या साडीत. आल्या आल्या विहीर बघायला निघाल्या. काठावर उभं राहून खाली किती तरी वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, त्यांच्या गावी पाणी इतकं वर कधी नव्हतंच.

घोळ इकडे झाला होता. पाटवडीच्या तीन थाळ्या थापायच्या होत्या. तिसऱ्या थाळीच्या वेळी मी पोळ्यांकडे गेले आणि काकूंनी फोडणी घातली. काकूंचा हात चाळीस वर्षांचा, जिऱ्यामागून लसूण पडलाच. वास आला तशी मी ओरडले. काकू जागच्या जागी थिजल्या, हातात पळी तशीच. थाळी उचलून मागच्या ओट्यावर नेली, गवंड्यांना दिली. त्यांची सोय झाली. पण सप्ताहाच्या कढईत लसूण गेला म्हणून ती राखेने दोनदा घासली, आणि तेवढ्या वेळात सार उतू गेलं.

ताटात होतं ते असं: पाटवडी आणि कारंजेकरीणताईंचा रस्सा, बाकर भाजी, सोल्यांची आमटी, पोळ्या, साधं वरण-तूप, गोळाभात, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं गरम तेल, चिंचेचं सार, चिन्नोरची खीर आणि बागेतली संत्री.

माताजींनी पहिल्यांदा सगळं थोडं थोडं घेतलं. गोळाभाताचा गोळा त्यांनी बोटांनी फोडला, वास घेतला, आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, गेलं. सून हसायला लागली. म्हणाली, "कह रही हैं, ये तो हमारे गट्टे हैं." त्यांच्याकडे बेसनाचे गट्टे करून भातात घालतात म्हणे. आपली डाळ भरड, त्यांचं पीठ बारीक, आपण वाफेवर शिजवतो, ते पाण्यात उकळतात, एवढाच फरक. मग काय, दोघी चुलीपाशी. तेल कधी ओतायचं ते मी दाखवलं. मोहन किती घालायचं यावर माताजींनी मला चूक ठरवलं आणि बहुतेक त्यांचंच बरोबर होतं.

तीनदा भात घेतला त्यांनी. चार चाळीसला हात धुतले.

कारंजेकरीण
पाच मिनिटं राखून! काकूंना माझा नमस्कार सांगा. आमच्याही घरी असं झालंय, आणि तिथे फोडणी माझी होती.

पुण्यातला_पाहुणा
गोळ्यांचं प्रमाण सांगा ना. आणि गोळे फुटू नयेत म्हणून काय करता?

वेणाकाठची
एक किलो तांदूळ, पाऊण किलो हरभरा डाळीची भरड. भरड दोन तास भिजवली, तिखट, मीठ, हळद, ओवा, आणि कडकडीत तेलाचं मोहन. माताजींच्या मते मी घातलं त्याच्या दीडपट हवं होतं. भात अर्धा शिजला की गोळे वर ठेवायचे, झाकण, मंद आच. झाकण मधेमधे उघडून बघितलं की गोळे फुटतात. आमच्याकडे ते काम सासरे करतात, आज मंदिराच्या गंजाचं झाकण जड होतं म्हणून वाचलो.

धानपट्टी
तांदूळ एचएमटीच ना?

वेणाकाठची
एचएमटीच. माताजींना दादाजींची गोष्ट पण सांगितली. जाताना पाच किलो बांधून दिला. मॅनेजर घेत नव्हते, म्हणे बँकेत नियम असतो. त्यांच्या आईने पिशवी मांडीवर घेतली आणि गाडीचं दार लावलं.

ठेचाबहाद्दर
ते सगळं बरोबर. उद्या रविवार हाये. मी कितीले येऊ?

वेणाकाठची
सूर्यास्तानंतर.